नदीकांठची झाडी

सातपूर म्हटलें कीं कारखान्यांचे भोंगे आठवतात. या गांवाच्या उत्तरेस गोदावरी व अंगाशींच नंदिनी, लोकांच्या तोंडीं नासर्डी, अशा दोन नद्या आहेत हें पुष्कळांच्या ध्यानींही नसतें. टाकळीच्या ज्या संगमावर समर्थांनीं बारा वर्षें तप केलें, तो याच दोघींचा.

पुराचें पाणी जेथें पसरून ओसरतें, त्या पट्टीचें अरण्य निराळेंच असतें. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन आणि अगदीं पाण्यालगत वाळुंज. वाळुंजाची फांदी ओल्या गाळांत खोंचली तरी मूळ धरते. करंजाच्या शेंगा तरंगत जाऊन खालच्या कांठीं रुजतात. मुळ्यांच्या जाळ्यानें दरड टिकते, बुंध्यांशीं पाण्याचा वेग मोडतो आणि शेतांतून वाहून येणारी माती नदींत न पडतां तेथेंच बसते. पूर हा या झाडांचा शत्रु नव्हे. तोच त्यांचा पेरणारा.

गंगापूरच्या धरणानें लहान पूर अडविले. 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें सातपुरास कारखाने आले, मागोमाग घरें आलीं आणि नंदिनीस गटाराची कळा आली. मोठा पूर मात्र धरणास आवरत नाहीं, हें 2008 च्या सप्टेंबरांत नाशिककरांनीं पाहिलें. पाटबंधारे खात्याची निळी रेषा 25 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी 100 वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आंत घर बांधावयाचें नाहीं, तर ती जमीन या झाडांना कां देऊं नये? आमची रीत अशी कीं कांठास भिंत घालावयाची व वर गुलमोहर लावावयाचा. भिंतीनें पूर नाहींसा होत नाहीं. तो खालच्या वस्तीकडे अधिक वेगानें धांवतो, इतकेंच.

देशी झाड येथें जगतें कीं नाहीं, अशी शंका कोणीं घेऊं नये. जवळच्या फाशीच्या डोंगरावर 2015 पासून ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या पुढाकारानें नागरिकांनीं हजारों देशी रोपें लावून जगविलीं. तो तर उघडा खडकाळ डोंगर. नदीकांठीं माती व ओल दोन्ही आयतीं आहेत. निफाड तालुक्यांत नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागें गाळ सांचून झाडी व दलदल माजली, पक्षी आले, आणि 2020 सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून तें घोषित झालें. उलट 2025 सालीं साधुग्रामासाठीं तपोवनांतील झाडें तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हां नाशिककरांस रस्त्यावर उतरावें लागलें. पांच वडांवरून ज्या भूमीस नांव पडलें, तिच्या शेजारीं ही वेळ यावी!

राखणें म्हणजे कोणास फिरकूं न देणें नव्हे. रोप गुरांच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत चराई बंद ठेवावी. मग करंजाच्या बिया तेलासाठीं वेंचाव्या, जांभळें उतरावीं, वाळलेलें लांकूड न्यावें, मात्र ओल्या खोडास कुऱ्हाड लावूं नये.

आमच्या घरांतून उंबर सहसा तोडला जात नाहीं. त्यास दत्तमहाराजांनीं राखिलें आहे. करंजावाळुंजास असा देव नाहीं. आणि वडास देव असूनही वटपौर्णिमेस त्याच्या फांद्या तोडून बाजारांत विकावयास येतातच. येत्या ज्येष्ठांत घरच्या सुनांनीं फांदी न घेतां वडाजवळ जावें, आणि मुलांनीं नदीकांठच्या करंजाखालच्या शेंगा वेंचून पिशव्यांत रुजत घालाव्या. करंजाचें रोप कांठीं लावण्यास आषाढाचा पाऊस उत्तम.