आधी पासिंग, मग चासी
रेप्लिका स्पोर्ट्स कार बांधायला घेण्यापूर्वी

२०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या पुळणीत एक फेरारी रुतून बसली आणि शेवटी बैलगाडीला दोर बांधून ती बाहेर ओढावी लागली. खरी फेरारी बहुतेकांच्या आवाक्यात नसते. पण तशा घाटाची गाडी आपल्याच हातांनी बांधावी, ही हौस जुनी आहे आणि चांगलीही आहे. रायगडच्या किनाऱ्यावर त्यासाठी लागणारे हात आहेत. इथे वेल्डिंग करणारे आहेत, इंजिन खोलून पुन्हा बसवणारे आहेत आणि फायबरच्या होड्या बांधणारे तर आहेतच. कौशल्याची उणीव नाही. चुकतो तो कामाचा क्रम. आपण लोखंड आधी आणतो आणि कागदाचा विचार मागाहून करतो.

पहिला प्रश्न : गाडी चालणार कुठे?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बांधलेली छोटी जीप देशभर गाजली. तिला दुचाकीसारखी किक मारून सुरू करावे लागे. उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक केले आणि त्याच वेळी सांगितले की, नियमांत बसत नसल्यामुळे ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. म्हणून तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. कौतुक आणि कायदा यांतले अंतर यातून दिसते.

कायदा असा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातली नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या मारुतीचा चासी नंबर कापून नव्या सांगाड्यावर डकवणे तर उघड बेकायदा आहे.

संपूर्ण नवी गाडी बांधली तर आपण उत्पादक ठरतो. मग केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ लागू होतो आणि नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी, तसेच अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था महाराष्ट्रातच आहेत. पण ब्रेकपासून धुरापर्यंतच्या चाचण्यांचा खर्च अनेक गाड्या विकणाऱ्यालाच परवडतो. अमेरिकेत छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ रेप्लिका गाड्यांपर्यंत सवलत देणारा कायदा २०१५ साली झाला. आपल्याकडे एकुलत्या घरगुती गाडीसाठी तशी सोय नाही.

पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, नाही म्हणजे विमाही नाही. अपघात झाला, तर समोरच्याची भरपाई थेट बांधणाऱ्याच्या खिशातून जाते. ही गोष्ट घरच्यांना आधी सांगावी.

तीन वाटा

पहिली वाट खासगी बंदिस्त जागेत किंवा ट्रॅकवर चालवण्यासाठी गाडी बांधण्याची. ती ट्रेलरवरून न्यावी लागेल, हे गृहीत धरावे.

दुसरी वाट खऱ्या जुन्या गाडीला जीव देण्याची. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. हौशी हातांना इथे भरपूर काम आहे.

तिसरी वाट छोट्या उत्पादकाची. गोव्यात १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘सॅन स्टॉर्म’ निघाली. दोन आसनी, फायबरच्या बॉडीची, आत रेनॉचे इंजिन. गाडी देखणी होती, तरी बाजार मिळाला नाही. ही वाट भांडवलाची आहे.

नक्कल करताना बोधचिन्हांचे भानही हवे. घाट आवडला म्हणून परक्या कंपनीचा बिल्ला लावणे हा ट्रेडमार्कचा भंग ठरू शकतो. २०१९ साली ब्राझीलमध्ये बनावट फेरारी-लॅम्बोर्गिनी बांधणारा कारखाना पोलिसांनी बंद केला.

कोणती गाडी पोटात घ्यायची?

इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल एकाच जुन्या गाडीचे घेतले, तर निम्मी डोकेदुखी टळते. मारुती ८०० किंवा पद्मिनी यांना वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडीच भार पेलते. बॉडी कापली की ताकद गेली. त्यांचे फक्त सुटे भाग घेऊन पाइपचा नवा सांगाडा बांधावा लागतो. जिप्सीला शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. तिच्या दोन ॲक्सलांमधले अंतर २३७५ मिलिमीटर आहे. १९६२ च्या मूळ एसी कोब्रा या स्पोर्ट्स कारचे सुमारे २२८६. तांत्रिक मेळ जवळचा आहे. कलम ५२ मात्र तिथेही आडवे येतेच, म्हणून हा हिशेब ट्रॅकवरच्या गाडीसाठीच धरावा.

नवी गाडी हलकी झाली की जुने ब्रेक तसेच चालत नाहीत. वजन पुढे-मागे कसे वाटले गेले आहे ते काट्यावर मोजावे, नाहीतर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी फिरते. सीटबेल्टचे बोल्ट सांगाड्याच्या लोखंडातच हवेत, फायबरमध्ये कधीही नकोत.

फायबर : किनाऱ्याचे स्वतःचे कसब

बॉडीची रीत होडीसारखीच आहे. साचा घासून गुळगुळीत करायचा, मेणाचे थर द्यायचे, मग जेलकोट, त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन. रोलरने प्रत्येक थरातली हवा काढायची. हवा राहिली तर पुढे तिथे फोड येतो. ओलसर मॅट रेझिन नीट पीत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर हे काम थांबवलेले बरे. मॅट कोरड्या खोलीत, जमिनीपासून उचलून ठेवावी.

एक इशारा ठळक लक्षात ठेवावा. रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि ती क्रिया वेगवान करणारे कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, मग हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. रेझिनच्या वाफेपासून बचावासाठी योग्य फिल्टरचा मास्क आणि खेळती हवा हवी.

फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याची अर्थिंग बॉडीतूनच परत जाते. इथे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंपाला चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर द्यावी लागते.

खारा वारा

फायबर गंजत नाही, पण त्याखालचा सांगाडा गंजतो, आणि तोही आतून. पाइपची तोंडे एकतर पूर्ण सील करावीत किंवा तळाला भोके ठेवून पाणी निघू द्यावे. अर्धवट बंद पाइप सर्वांत वाईट. वेल्डिंगनंतर सांधे घासून लगेच प्रायमर लावावा. रात्रभर उघडे ठेवले तरी तांबूस थर चढतो. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला थेट रिव्हेटने जोडला, तर खाऱ्या दमटपणात दोन धातूंमध्ये विद्युत-क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. मधे सीलंटचा किंवा रबराचा थर द्यावा. वायरची टोके कथिलाचा मुलामा दिलेली घ्यावीत, नाहीतर तांबे हिरवे पडून दिवे लुकलुकू लागतात.

इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या टपाची गाडी पावसाळाभर शेडमध्येच राहील. त्या शेडची जमीन पक्की, भिंतींना हवा जायला जागा आणि गाडीभोवती माणूस फिरेल इतकी मोकळीक हवी.

उंचीही मोजावी. मानकानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गावाकडचे बरेचसे त्याहून अरुंद आणि टोकदार असतात. स्पोर्ट्स कारसारख्या बुटक्या गाडीचे पोट अंगणाच्या उंबऱ्यालाही लागते. आणि पुळणीत तर तिला नेऊच नये.

सुरुवात कशी करावी

रायगडच्या एमएच ०६ क्रमांकाच्या गाड्यांची नोंद पेणच्या परिवहन कार्यालयात होते. आपला बेत एका पानावर लिहून तिथे अर्ज करावा आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी ‘बघू’ हे उत्तर नव्हे. त्या उत्तरावरून तीनपैकी वाट ठरवावी. मग खर्चाचे टप्पे पाडावेत : सांगाडा, चालता ढाचा, बॉडी, वायरिंग, रंग. बॉडीआधी उघडा ढाचा बंदिस्त जागेत चालवून, वळवून, थांबवून पाहावा. ब्रेक आणि स्टिअरिंग मनासारखे झाल्याशिवाय साच्याला हात लावू नये. रंगाची हौस सगळ्यांना असते, आणि पैसे संपतात ते नेमके त्याच्या आधी. म्हणून प्रत्येक टप्प्याचे पैसे हातात आल्यावरच तो टप्पा सुरू करावा; अर्धवट सांगाडा खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढू शकत नाही.