आपद्ग्रस्तांना रोख साहाय्य आणि उपजीविका पुनर्वसन : कोल्हापूर जिल्ह्याचा अनुभव

प्रस्तावना :
आपत्तीकाळातील मदत म्हणजे धान्य, कपडे व औषधे असे समीकरण दीर्घकाळ रूढ होते. अलीकडे मात्र आपद्ग्रस्तांच्या हाती थेट पैसा देण्याचा मार्ग जगभर स्वीकारला जात आहे. कोल्हापूर जिल्ह्याने युद्धनिर्वासित व पूरग्रस्त शेतकरी या दोन्ही घटकांना दिलेले साहाय्य पाहिले आहे. रोख साहाय्य कोणत्या परिस्थितीत उपयुक्त ठरते आणि ते कोणापर्यंत पोहोचत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वळीवडे येथील छावणी :
दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशात हद्दपार केलेले पोलिश नागरिक इराणमार्गे भारतात आले. त्यांच्यापैकी सुमारे ५,००० जण, प्रामुख्याने स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळीवडे येथे राहिले. युद्धकाळात छावणीचा खर्च लंडनस्थित पोलिश सरकारने उचलला. कुटुंबांना निर्वाहभत्ता मिळे व त्यातून ती बाजारहाट करून स्वतः स्वयंपाक करीत. हे साहाय्य माणसे मोजून दिले होते. निर्वासितांजवळ जमीन असण्याचा प्रश्नच नव्हता. फाळणीनंतर याच जागी सिंधी निर्वासितांची गांधीनगर ही वसाहत उभी राहिली व पुढे ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ बनली. उपजीविकेचे साधन मिळाल्यास निर्वासित परावलंबी राहत नाही, हे यावरून दिसते.

२०१९ चा महापूर :
ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा व कृष्णा नद्यांच्या पुराने शिरोळ, करवीर, हातकणंगले आदी तालुक्यांत मोठी हानी झाली. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिल्याने मालवाहतूक व दूधसंकलन ठप्प झाले. अशा वेळी हाती पैसा असूनही चारा व इंधन मिळत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात वस्तुरूप मदत आणि बाजार सुरू होताच रोख साहाय्य, हा क्रम युक्त ठरतो.

शासनाने ग्रामीण कुटुंबांना १०,००० रुपये व शहरी कुटुंबांना १५,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले. तसेच पुराने बाधित पिकांवरील कर्ज एक हेक्टरच्या मर्यादेत माफ करण्याचा निर्णय घेतला. पहिल्या साहाय्याचा आधार कुटुंब होता, तर दुसऱ्याचा जमीन. हा भेद महत्त्वाचा आहे.

जमीनधारणेचा प्रश्न :
आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठीच्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के वा अधिक पीकहानी झाल्यास बागायती क्षेत्रास हेक्टरी १७,००० रुपये निविष्ठा अनुदान, दोन हेक्टरच्या मर्यादेत, ठरविण्यात आले. अशा अनुदानाचा मुख्य आधार सातबारा उतारा असतो. परंतु खंडाने वा वाट्याने जमीन कसणाऱ्याचे नाव त्यावर क्वचितच असते. कूळकायद्याने कसणाऱ्यास हक्क मिळेल, या भीतीने जमीनमालक लेखी करार टाळतात. परिणामी बियाणे, खत व श्रम एकाचे बुडतात आणि अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. उतार्‍यावर नाव नसलेली कष्टकरी शेतकरी स्त्री आणि मजुरी बुडालेला शेतमजूर यांचीही स्थिती वेगळी नाही.

उपाययोजना :
१) प्रत्यक्ष कसणाऱ्यांची नोंद ग्रामसभेत पूर येण्यापूर्वीच व्हावी, ती केवळ मदतीपुरती असून तिच्यामुळे कुळाचा हक्क निर्माण होणार नाही, अशी कायदेशीर तरतूद असावी.
२) शेतमजुरांच्या बुडालेल्या मजुरीचा विचार रोजगार हमीच्या कामांद्वारे व्हावा.
३) रोख साहाय्यास बियाणे, चारा व पशुवैद्यकीय सेवेची जोड द्यावी.

समारोप :
रोख साहाय्य आपद्ग्रस्तास निवडीचे स्वातंत्र्य व प्रतिष्ठा देते. परंतु 'आपद्ग्रस्त कोण?' या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास तेच साहाय्य विषमता वाढविते. वळीवड्यात माणूस हा मदतीचा आधार होता. पूरग्रस्त शेतीच्या बाबतीतही केवळ जमिनीचा नव्हे, तर ती कसणाऱ्या हातांचा पंचनामा होणे आवश्यक आहे.