नाव सापडलं नाही, तर दार उघडं की बंद?

आंबा घाटात रेंज गेली म्हणून ज्यांचा हा भाग अर्ध्यात तुटला, किंवा चालता चालता ऐकताना कमांड लिहून घेता आल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त फाटे छाटलेत.

आजचा विषय आहे होस्टनेम. सर्व्हरवर कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारी टूल्स असतात. फायरवॉल असेल, टीसीपी रॅपर्स असतील. त्यात आपण नियम लिहितो, आणि कधीतरी लॉगमध्ये मेसेज येतो की होस्टनेम सापडलं नाही. तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं आणि शोधायचं कसं, ते बघू.

मलकापूर किती?

आपलं मलकापूर शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. पण कराडला खेटून दुसरं मलकापूर आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यात रेल्वे स्टेशन असलेलं तिसरं. नुसतं ‘मलकापूर’ लिहिलेलं पार्सल कुठं जाईल, सांगा बघू! हाच घोळ टाळायला श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या अधिकाऱ्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. नाव माणसासाठी, आकडा टपालासाठी.

इंटरनेटवरही तसंच. मशीनला फक्त आयपी ॲड्रेस कळतो. सुरुवातीच्या काळात सगळ्या मशीनची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असायचे. फाइल पुरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. त्या जुन्या फाइलची आठवण म्हणजे आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये असलेली होस्ट्स फाइल.

आता महत्त्वाचा मुद्दा. नियमात आकडा लिहिला तर सर्व्हर स्वतःच ताडून बघतो. नाव लिहिलं तर त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागतं. म्हणजे तुमच्या दाराची कडी तुमच्या हातात राहत नाही, ती डीएनएस सर्व्हरच्या उत्तरावर चालते.

उलटा प्रश्न

कनेक्शन येतं तेव्हा सर्व्हरला समोरच्याचं नाव दिसत नाही, फक्त ॲड्रेस दिसतो. मग तो उलटं विचारतो: या ॲड्रेसचं नाव काय? याला रिव्हर्स लुकअप म्हणतात. पण या प्रश्नाचं उत्तर कोण लिहून ठेवतो? ज्याच्याकडे तो ॲड्रेस आहे तो. त्यानं तिथं तुमच्या ऑफिसचं नाव लिहिलं तरी त्याला अडवणारं कोणी नाही. म्हणून चांगलं टूल मिळालेलं नाव घेऊन परत सरळ विचारतं: या नावाचा ॲड्रेस काय? दोन्ही उत्तरं जुळली तरच विश्वास.

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विद्यापीठात व्हित्से व्हेनेमा यांनी १९९० च्या सुमारास टीसीपी रॅपर्स लिहिलं ते एका घुसखोराचा माग काढता काढता. त्यात ही दुहेरी तपासणी आहे. नाव मिळालंच नाही तर तो पाहुणा ‘अननोन’. नाव आणि ॲड्रेस जुळले नाहीत तर ‘पॅरानॉइड’.

खरा धोका इथं आहे

समजा, मलकापुरातल्या एखाद्या अभ्यासिकेत लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर टेस्ट सिरीज आहे आणि मुलांच्या फीचा हिशेब आहे. टीसीपी रॅपर्स आधी होस्ट्स डॉट अलाऊ ही फाइल वाचतं. तिथं जुळलं तर आत. नाही तर होस्ट्स डॉट डिनाय वाचतं. तिथं जुळलं तर बाहेर. आणि दोन्हीकडे जुळलं नाही तर? तर आत! हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

पहिली परिस्थिती: अलाऊमध्ये सरांच्या घरच्या कनेक्शनचं नाव, डिनायमध्ये ‘सगळे’. डीएनएस बंद पडलं की सरच बाहेर अडकतात. त्रास होतो, पण लगेच कळतं, कारण सर फोन करतात.

दुसरी परिस्थिती: अलाऊ रिकामं, डिनायमध्ये एका त्रासदायक डोमेनचं नाव. डीएनएस बंद पडलं की त्या पाहुण्याचं नाव कळत नाही, नियम जुळत नाही, आणि तो गुपचूप आत. कोणाचाही फोन येत नाही.

म्हणजे बिघाड एकच, पण परिणाम उलटे. म्हणून ‘बंदी’चा नियम कधीही नावावर लिहू नका. आधी सगळ्यांना बंद करा, मग मोजक्यांना ॲड्रेसनं परवानगी द्या. आणि सर अडकले म्हणून घाईनं डिनायमधली ‘सगळे’ ही ओळ पुसायची, हा उपाय नव्हे. त्यानं सरांबरोबर सगळं जग आत येतं.

आयपीटेबल्सची वेगळी गंमत

आयपीटेबल्समध्येही नाव लिहिता येतं. पण ते नाव नियम घालताना एकदाच शोधलं जातं आणि आत आकडाच बसतो. उद्या त्या नावाचा आकडा बदलला तर नियमाला पत्ता नसतो. काल चालत होतं, आज नाही, आणि नियम तर तोच! यात सापडलेले पुष्कळ असतात.

त्याहून वाईट म्हणजे लाइट गेल्यावर. सर्व्हर परत चालू होतो, फायरवॉलचे नियम लोड व्हायला लागतात, पण राउटर अजून उठलेला नाही. नाव सापडत नाही, आयपीटेबल्स-रिस्टोर एरर देऊन थांबतं, आणि त्या टेबलातला एकही नियम लागत नाही. एका नावापायी अख्खी भिंत गायब. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते, ते मी सांगायला नको.

शोधायचं कसं? या क्रमानं जा

एक. लॉग नीट वाचा. ‘नाव सापडलं नाही’, ‘नाव-ॲड्रेस जुळत नाही’ आणि ‘उत्तरच आलं नाही’ हे तीन वेगळे आजार आहेत. एनएक्सडोमेन म्हणजे असं नावच नाही: स्पेलिंग किंवा रेकॉर्ड तपासा. सर्व्हफेल किंवा टाइमआउट म्हणजे विचारलं, पण धड उत्तर नाही: डीएनएस सर्व्हर आणि नेटवर्क तपासा. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरही व्हेनेमांचाच. लुकअप तात्पुरतं फसलं असेल तर तो मेल कायमचा नाकारत नाही, ‘नंतर परत या’ म्हणतो. आपणही हा फरक करायला शिकायचं.

दोन. तपासणी सर्व्हरवरूनच करा. तुमच्या लॅपटॉपवर नाव सापडतंय याचा उपयोग नाही, त्याचा डीएनएस वेगळा असू शकतो.

तीन. दोन कमांड चालवा. पहिली गेटएन्ट, म्हणजे जी ई टी ई एन टी, पुढे ‘होस्ट्स’ आणि मग नाव. दुसरी डिग, आणि पुढे तेच नाव. गेटएन्ट होस्ट्स फाइलसकट सगळं बघतं, डिग थेट डीएनएसला विचारतं. डिगला उत्तर येतं पण गेटएन्टला येत नाही, तर गडबड सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. दोघांनाही येत नाही, तर बहुतेक बाहेर. रिव्हर्स बघायचं असेल तर डिगला ‘वजा एक्स’ आणि ॲड्रेस द्या.

चार. पोर्ट ५३ उघडं आहे का बघा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. कित्येकदा फायरवॉलनंच डीएनएसचा रस्ता अडवलेला असतो, आणि मग तोच नाव सापडत नाही म्हणून रडतो.

पाच. तुमची फाइल कोणी वाचतंय का? ओपनएसएसएचनं २०१४ मध्ये ६.७ आवृत्तीत टीसीपी रॅपर्सचा आधार काढला. डेबियननं तो स्वतःच्या पॅचनं ठेवला, रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीत टीसीपी रॅपर्सच नाही. म्हणजे डिनाय फाइल जागेवर, नियम बरोबर, आणि वाचणारं कोणी नाही.

सहा. दुरून नियम बदलताना दुसरं एसएसएच सेशन उघडं ठेवा. डेबियनवर आयपीटेबल्स-अप्लाय वापरा. नवीन नियमानंतर तुम्ही ‘हो’ म्हणाला नाहीत, तर ते जुने नियम परत लावतं.

आणि फोनवाल्यांनो

मोबाइल डेटावर तुमचा ॲड्रेस बहुतेक वेळा शेकडो लोकांत वाटलेला असतो आणि बदलत राहतो. त्याचं रिव्हर्स नाव असलंच तर ते कंपनीचं असतं. म्हणून फोनच्या नावावर किंवा ॲड्रेसवर नियम लिहू नका. व्हीपीएन लावा आणि त्यातल्या आतल्या ठरलेल्या ॲड्रेसला परवानगी द्या.

ऑफिसच्या वायफायवर आतल्या सर्व्हरचं नाव फक्त तुमच्याच फोनला सापडत नाही? अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघा. तिथं बाहेरच्या सेवेचं नाव टाकलेलं असेल, तर फोन ऑफिसच्या डीएनएसला विचारतच नाही.

आजचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या हातात जो सर्व्हर असेल, त्याच्या नियमांत नाव कुठं कुठं लिहिलंय ते शोधा. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: उत्तर आलं नाही, तर हे दार उघडं राहील की बंद? ज्याचं उत्तर ‘उघडं’ येईल, ते आजच बदला. काही अडलं तर लॉगची ओळ पाठवा, पण आधी त्यातले ॲड्रेस झाका. भेटू पुढच्या भागात!