चौकोनी शेतांचा मुलूख : नेब्रास्का संस्थान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेब्रास्का नावाचे एक संस्थान आहे. त्यास समुद्रकिनारा नाही, उंच पर्वत नाहीत, आणि आपल्याकडील वर्तमानपत्रांत त्याचे नाव क्वचितच वाचावयास मिळते. तथापि जमीन हीच ज्यांची मिळकत, अशा वाचकांस या मुलखाची हकीकत ऐकून नवल वाटेल व त्यातून काही बोधही घेता येईल, असे वाटल्यावरून आम्ही ती येथे देत आहो.

या संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे 77,000 चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अदमासे दोन-तृतीयांश आहे. पण वस्ती मात्र सुमारे 20 लक्षच. नेब्रास्का या शब्दाचा अर्थ तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘पसरट पाणी’ असा आहे. मधून वाहणाऱ्या प्लॅट नदीवरून हे नाव पडले. 1820 साली मेजर लाँग हा सरकारी पाहणीसाठी या बाजूस आला, तेव्हा त्याच्या मंडळींनी हा प्रदेश शेतीस निरुपयोगी ठरविला, व पुढे नकाशावर तेथे ‘मोठे वाळवंट’ अशी अक्षरे उमटली. आज त्याच वाळवंटात सुमारे 80 लक्ष एकर जमीन ओलिताखाली असून, संयुक्त संस्थानांत याबाबत नेब्रास्काचा क्रमांक पहिला लागतो. हा पालट कसा झाला, व तो होताना कोणत्या चुका झाल्या, हेच सांगावयाचे आहे.

प्रथम मोजणीची गोष्ट. आपल्याकडे शेताची हद्द ओढा, नाला, जुना बांध अगर वाट पाहून वाकते. नेब्रास्कात वहिवाटदार येण्यापूर्वीच सरकारी मोजणीदार आले. 1854 सालानंतर त्यांनी सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन आखले. प्रत्येकाचे 36 भाग केले. प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकरांचा. आणि त्याचा चतुर्थांश 160 एकर, हा एका कुटुंबाचा वाटा. छत्तिसांपैकी 16 व 36 या नंबरांचे भाग शाळांसाठी राखून ठेवले. त्यांपैकी पुष्कळ जमीन आजही खंडाने दिली जाते व उत्पन्न शिक्षणाकडे जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तर-दक्षिण रेषा उत्तरेकडे जवळ येत जातात. म्हणून मोजणीदारांस ठराविक अंतरावर रेषा सरकवून घ्यावी लागली. नाकासमोर चाललेला रस्ता माळावर कारण नसता एकदम बाजूस वळतो, त्याचे रहस्य पुष्कळदा हेच असते.

आता वाटपाची गोष्ट. 20 मे 1862 रोजी अध्यक्ष लिंकन यांनी वसाहतीच्या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अगर कुटुंबप्रमुख असलेल्या इसमाने 160 एकर मागावे, तेथे घर बांधून पाच वर्षे राहावे व लागवड करावी, थोडीशी फी भरावी, म्हणजे जमिनीची सनद मिळे. अविवाहित स्त्रिया व विधवा यांसही हा हक्क होता. कायदा 1 जानेवारी 1863 पासून अमलात आला. डॅनियल फ्रीमन नावाच्या इसमास पलटणीत हजर व्हावयाचे होते, म्हणून त्याने ब्राऊनव्हिल येथील जमीन कचेरी आदल्या रात्री बारा वाजताच उघडवून आपला अर्ज नोंदविला, अशी आख्यायिका आहे. आम्ही कारकुनीत आयुष्य घालविले आहे. मध्यरात्री दप्तर उघडणारा कारकून हेही एक नवलच होय! फ्रीमनची ती जमीन बीट्रिस गावाजवळ असून आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून राखली आहे.

परंतु ही जमीन ‘रिकामी’ होती असे कोणी समजू नये. पॉनी, ओटो, ओमाहा, पाँका इत्यादी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत व नदीकाठी मका पिकवीत. त्यांस करारांनी व जबरीने हलविले, तेव्हा ती सरकारास वाटता आली. पाँकांचा मुख्य स्टँडिंग बेअर हा 1879 साली मृत मुलाचे दफन करण्यास आपल्या भूमीकडे परत येत असता पकडला गेला. ओमाहा येथील न्यायाधीशाने, हा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे, असा निकाल देऊन त्यास सोडले. असा निकाल द्यावा लागला, यातच सर्व आले.

येथपर्यंत कागद चोख होता. चूक झाली ती निराळ्या ठिकाणी. आपल्या मुलखात 1836 सालाच्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पाहणी सुरू केली, तिच्यात मापाबरोबर जमिनीची प्रत पाहिली जाई. मातीची खोली किती, तिच्यात दोष कोणते, हे पाहून आण्यांत तिची किंमत ठरे. नेब्रास्कात मोजणी झाली, पण वाटा सर्वत्र एकच. पूर्वेकडे वर्षास 30 इंचांहून जास्त पाऊस पडतो. पश्चिमेकडे जवळजवळ निम्मा. पूर्वेच्या काळ्या कसदार मातीत 160 एकरांवर कुटुंब सुखाने नांदे; पश्चिमेच्या वाळूत तेवढ्यावर गुरेही पोसत नसत.

ही अडचण दिसू लागली तेव्हा विद्वानांनी विलक्षण तोड काढली. सॅम्युएल ऑघी नावाच्या तेथील प्राध्यापकाने असे प्रतिपादिले की, नांगरलेली जमीन पाणी शोषून घेते, ते हवेत परत जाते, व त्यामुळे पाऊस वाढतो. विल्बर नावाच्या गृहस्थाने 1881 साली यावरून ‘नांगरामागून पाऊस येतो’ अशी म्हणच तयार केली. योगायोगाने ती काही वर्षे पावसाची होती. लोकांस पटले, व हजारो कुटुंबे पश्चिमेस गेली. मग 1890 साली अवर्षण आले, आणि 1894 साली त्याहून भयंकर. घरे ओस पडली, शेते सोडून माणसे माघारी गेली. आकाशास नांगराची भीड पडत नाही, हे आपल्याकडील अडाणी गुराखीही सांगता.

संकट केवळ अवर्षणाचेच नव्हते. 1874 च्या उन्हाळ्यात टोळधाडीने उभी पिके तर खाल्लीच, पण अवजारांच्या लाकडी मुठीसुद्धा कुरतडल्या. पुढे 1877 साली कायदा झाला की, सोळा ते साठ वर्षांच्या प्रत्येक सशक्त पुरुषाने टोळांची पिले मारण्यास दोन दिवस काम करावे. न केल्यास दहा डॉलर दंड. नवल असे की, त्यानंतर तीस वर्षांच्या आत टोळांची ती जातच पृथ्वीवरून नाहीशी झाली. 1902 नंतर तिचा जिवंत टोळ मिळाला नाही. डोंगराळ भागातील नदीकाठी जेथे तो अंडी घाली, त्या जमिनी वसाहतवाल्यांनी नांगरल्या व चारल्या, हे त्याचे कारण असावे, असे कीटकशास्त्रज्ञांस वाटते. दंडाने जे साधले नाही ते नकळत साधले.

झाडांचीही अशीच गोष्ट आहे. लाकूड नसल्यामुळे लोक गवताच्या मुळ्यांसह मातीची ढेकळे कापून त्यांच्या भिंती रचीत. 10 एप्रिल 1872 रोजी मॉर्टन नामक गृहस्थाच्या सूचनेवरून तेथे पहिला वृक्षारोपण दिन पाळला. त्या एका दिवसात दहा लक्ष झाडे लागली असे सांगतात. पुढील वर्षी मध्यवर्ती सरकारने कायदा केला की, 40 एकरांत झाडे लावून जगवील त्यास 160 एकर द्यावे. रोपे कोरड्या माळावर मरू लागली. पाच वर्षांनी 40 चे 10 एकर करावे लागले, व 1891 साली कायदाच रद्द झाला. माळावर काय उगवावे हे कचेरीत ठरत नाही.

अखेर कायदा जमिनीपुढे नमला. संस्थानाचा सुमारे चतुर्थांश भाग गवताने बांधून धरलेल्या वाळूच्या टेकड्यांचा आहे. हे गवत नांगराने उकरले की वाळू उडू लागते. 1904 साली किंकेड नावाच्या प्रतिनिधीच्या खटपटीने वायव्येकडील 37 परगण्यांपुरता वाटा चौपट, म्हणजे 640 एकर झाला. तोही पुष्कळांस पुरला नाही. त्यांनी जमिनी विकल्या, व तेथे गुरचराईचा धंदा स्थिरावला. तो आजही चालू आहे.

आणि वाळवंटाचे ओलित? ते पाणी भूगर्भात होते. वाळू व खडीच्या थरांत साठलेले हे पाणी आठ संस्थानांखाली पसरले असून, त्याचा सुमारे दोन-तृतीयांश साठा एकट्या नेब्रास्काखाली आहे. नेब्रास्कात वाढलेल्या फ्रँक झायबाख नावाच्या शेतकऱ्याने 1952 साली एका यंत्राचे पेटंट मिळविले. शेताच्या मध्यावर पाण्याचा नळ खिळवून, चाकांवर उभी केलेली पाव मैल लांबीची नळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते व पाणी शिंपीत जाते. त्यामुळे 160 एकरांच्या चौकोनात सुमारे 130 एकरांचे हिरवे वर्तुळ भिजते, व चार कोपरे कोरडे राहतात. विमानातून पाहिले असता मोजणीदाराचे चौकोन व पाण्याची वर्तुळे दोन्ही एकाच नजरेत दिसतात.

एवढे पाणी असूनही तेथील लोकांनी ते मोकाट सोडले नाही, हे आम्हास सर्वांत मोठे नवल वाटते. तेथे जमीन खातेदाराची. पण तिच्याखालचे पाणी सर्व जनतेचे, खातेदारास केवळ वाजवी वापराचा हक्क. 1972 साली नदीखोऱ्यांच्या हद्दी धरून मंडळे स्थापन झाली. आज ती 23 आहेत. सभासद लोक निवडून देतात, व मंडळास जमिनीवर कर बसविता येतो. जेथे पातळी खालावली, तेथे काही मंडळांनी विहिरींवर मीटर बसविले, एकरी किती इंच पाणी काढावे हे ठरविले, नव्या विहिरी बंद केल्या. 2015 पर्यंतच्या सरकारी मोजणीत याच साठ्याची पातळी टेक्सास संस्थानाखाली सरासरी सुमारे 40 फूट उतरलेली आढळली. नेब्रास्काखाली सरासरी एका फुटाच्या आसपास. याचे सर्व श्रेय मंडळांस देणे योग्य नव्हे. ज्या टेकड्या नांगरास नालायक ठरल्या, त्याच पावसाचे पाणी मुरवून हा साठा भरीत असतात. पण मोजणाऱ्यास तूट वेळेवर दिसते, हेही खरे.

आपल्या दख्खनचा काळा पाषाण पाणी धरतो तो वरच्या मुरमात व फटींत, आणि तेही थोडे. ज्यांच्या पायाखाली समुद्र आहे ते पाण्याचा हिशोब ठेवतात. आपण मात्र विहीर आटली की शेजाऱ्याहून खोल बोअर घेतो. आम्ही आयुष्यभर जमिनीचे गुंठे लिहिले. पाण्याचा उतारा मात्र आमच्या दप्तरात कधी आला नाही. सबब वाचकांस एवढीच विनंती की, आपापल्या विहिरीची पातळी दिवाळीत एकदा व अक्षय्यतृतीयेस एकदा दोरीने मोजून, तारीख घालून वहीत लिहावी. शेजाऱ्यांनीही तसेच करावे, व वर्षअखेर गावात त्या वह्या एकत्र उघडाव्यात. कायदा मागून येईल. मोजणी आपल्या हाती आहे.