पहिला धक्का देणारा वाक्प्रचार

इंग्रजीत ‘टू सेट द बॉल रोलिंग’ असा एक वाक्प्रचार आहे. ‘सेट’ऐवजी ‘गेट’ किंवा ‘स्टार्ट’ही चालते. मराठीत त्याचे भाषांतर बहुधा ‘श्रीगणेशा करणे’ असे केले जाते. ते सरसकट बरोबर नाही. श्रीगणेशा हा ज्याचा त्याने करायचा असतो. पाटीवर पहिले अक्षर गिरवणारे मूल तो स्वतःपुरता करते. चेंडूला मात्र एकाने धक्का द्यायचा आणि पुढे इतरांनी त्याची गती राखायची. बैठकीत सगळे गप्प असताना एखादा पहिला प्रश्न विचारतो, तिथे हा वाक्प्रचार शोभतो. मराठीत त्याला जवळचे शब्द म्हणजे ‘चालना देणे’ किंवा ‘सुरुवात करून देणे’. ‘करणे’ आणि ‘करून देणे’ यांतला फरक इथे मोलाचा आहे. (‘चेंडू गडगडत सोडला’ हे भाषांतर मात्र कोणी करू नये!)

याच कुळातला ‘कीप द बॉल रोलिंग’ हा प्रयोग अमेरिकेत १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत गाजला. हॅरिसन यांचे समर्थक प्रचंड चेंडू गावोगाव लोटत नेत.

नाशिककरांना ही कल्पना समजायला चेंडूची गरज नाही. पंचवटीत चैत्रातल्या कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. रथ एकट्याने हलत नाही, पण दोराला पहिला हात कोणीतरी लावावाच लागतो. तो हात कोणाचा, यावरून याच पंचवटीत एप्रिल १९३० मध्ये संघर्ष झाला होता. त्याआधी २ मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रही दारांपुढे बसले.

या सत्याग्रहाबद्दल ‘समतेच्या लढ्याचा श्रीगणेशा नाशिकला झाला’ असे लिहिणे चूक ठरेल. महाडचे चवदार तळे १९२७ चे, पुण्याचा पर्वती सत्याग्रह १९२९ चा. नाशिकने त्या लढ्याला चालना दिली, असे म्हणता येईल. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरवाजे उघडत नसतानाही ती वर्षानुवर्षे टिकवली, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.