प्रश्न विचारणाऱ्या पोरांना गप्प बसवू नका

‘पोट्ट्याइले हे कायले सांगता?’ एचआयव्हीचा विषय काढला की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत हा प्रश्न हमखास येतो. आई-बापांची काळजी आम्हाला कळते. पण मुलांचे प्रश्न काही थांबत नाहीत. ती फक्त घरात विचारत नाहीत. मग उत्तरे मिळतात पानठेल्यावर, नाहीतर मोबाइलवर, आणि तीही अर्धवट.

असे प्रश्न विचारण्याच्या हक्कासाठी खुद्द बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले होते. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लाजेपायी अज्ञान पोसू नये, ही शिकवण आपल्यासाठी उरली.

भारतातले पहिले एचआयव्हीबाधित १९८६ साली मद्रासमध्ये आढळले, तेही डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या निर्मला या विद्यार्थिनीच्या संशोधनातून. आज अनेक महाविद्यालयांत रेड रिबन क्लब आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे शिक्षण देतात. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही तरुणांनीच तरुणांना शिकवण्याची पद्धत वापरली गेली. कारण साधे आहे. जे काकांना विचारता येत नाही, ते दोन वर्षांनी मोठ्या ताईला किंवा दादाला विचारता येते.

हे विद्यार्थी विहारात आले तर एक खेळ जरूर घ्यावा. दहा ग्लासांत पाणी घ्या. एकात गुपचूप चुन्याची निवळी टाका. मुलांनी दोन-तीन जणांशी थोडे थोडे पाणी अदलाबदल करावे. शेवटी प्रत्येक ग्लासात चिमूटभर हळद टाका. ज्यात चुना पोचला, ते पाणी लाल होते. (हे पाणी पिऊ नये, डोळ्यांत जाऊ देऊ नये.) चेहऱ्यावरून काही कळत नाही, हे मुलांना भाषणाशिवाय समजते. मग बिननावाच्या चिठ्ठ्यांची प्रश्नपेटी उघडावी.

पक्के लक्षात ठेवण्यासारखे इतके:

एचआयव्ही चार मार्गांनी पसरतो: निरोधविना शरीरसंबंध, बाधित रक्त, एकमेकांची वापरलेली सुई, आणि बाधित आईकडून बाळाला. सोबत जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, हात मिळवल्याने किंवा डास चावल्याने पसरत नाही.

तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहेच. धोका घडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तपासणी चुकू शकते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी. घरबसल्या माहितीसाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधे मोफत मिळू लागली. गोळ्या रोज, न चुकता घेतल्या तर माणूस काम करतो, संसार करतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणात वेळेवर उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्याही खाली आणता येतो.

आणि एक गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची. बाधित सुनेचे ताट वेगळे, पेला वेगळा, बाज पडवीत, हे कुठे घडत असेल तर तो विटाळच आहे, नाव फक्त बदलले. महाडच्या तळ्यावर ज्या समाजाने पाण्याला हात लावून विटाळ नाकारला, त्याच्या घरात तो परत येता कामा नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही नोकरीत, शाळेत, दवाखान्यात असा भेदभाव करण्यास मनाई केली आहे. भेदाच्या भीतीने माणूस तपासणी टाळतो, आणि टाळलेली तपासणीच जीव घेते.

तेव्हा १ डिसेंबरच्या एड्स दिनाची वाट पाहू नका. विहार समितीने जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पत्र द्यावे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर तासभर विद्यार्थ्यांना द्यावा. मुलींचा आणि मुलांचा गट हवा तर वेगळा बसवावा. आयांनीही मागे बसून ऐकावे. प्रश्नपेटीत त्यांच्याही चिठ्ठ्या पडतील, याची आम्हाला खात्री आहे.

जय भीम.