वारीचा मुक्काम : तांब्याभर पाणी आणि उघडे दार

वाचकहो, ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून संत तुकाराम महाराजांच्या आणि अष्टमीला आळंदीहून संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान होते. पुण्यात तुकोबारायांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात, तर माउलींची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात विसावते. त्या मुक्कामात शाळा, मंगल कार्यालये, जुन्या वाड्यांचे चौक, इतकेच काय, दुकानांच्या पायऱ्याही वारकऱ्यांच्या पथाऱ्यांनी भरून जातात. माझा दवाखाना याच भागात आहे. या दिवसांत येणाऱ्या रुग्णांनी मला जे शिकवले, ते आज आपणांस सांगावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांच्या दिंडीतील दोघींनी धरून आणले. उठताना चक्कर येऊन त्या पडल्या होत्या. जीभ कोरडी, नाडी जलद, रक्तदाब उतरलेला. पाणी किती प्यालात, असे विचारता त्या संकोचून म्हणाल्या, "दुपारपासून नाही घेतलं. पाणी प्यालं की उठावं लागतं. परक्या गावात रात्रीचं जायचं कुठं?" त्यांनी पाणी थांबवले होते, रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी मात्र नेमाने चालू होती.

पायी चालण्याने ज्येष्ठ मंडळी थकतात, हे खरे. परंतु पुष्कळदा त्यांना आजारी पाडतो तो मुक्काम. उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते. त्यात शौचालयाच्या धास्तीने पाणी तोडले की चक्कर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि अंधारात पडून होणारा खुब्याचा अस्थिभंग, ही मालिका सुरू होते.

वारीस निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी

अल्प खर्चात एवढा दीर्घ प्रवास घडवणारी दिंडीसारखी दुसरी व्यवस्था क्वचितच आढळेल. बहुतेक दिंड्यांत भिशी भरली की दोन्ही वेळचे जेवण आणि राहुटीत पथारीपुरती जागा मिळते. सामान मालमोटारीने पुढे जाते. नाव नोंदवतानाच दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : राहुटीत माणसे किती, आणि शौचालयाची सोय काय? 'निर्मल वारी'च्या उपक्रमामुळे पालखीतळांवर आता फिरती शौचालये उभी राहतात. मुक्कामी पोहोचताच, उजेड असतानाच, त्यांची जागा पाहून ठेवावी. पथारी राहुटीच्या दाराजवळ आणि उंचवट्यावर घालावी. खाली ताडपत्री, उशाशी विजेरी आणि पायथ्याशी चपला असाव्यात. रात्री उठताना आधी क्षणभर बसावे, मग उभे राहावे आणि सोबतीस एकीला उठवावे. पाण्याचा मोठा वाटा दिवसा घ्यावा, झोपण्यापूर्वी तासभर कमी करावा. परंतु तोडू नये. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे, असे समजावे. लघवी वाढवणारी गोळी आपल्या मनाने बंदही करू नये आणि जुलाब-उलट्या होत असताना रेटूही नये. वेळा व मात्रा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

मधुमेहींनी विशेष सावध असावे. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा दिवे घाटातील सुमारे ३० किलोमीटरांचा टप्पा बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीस येतो. सर्वांत लांब चाल आणि उपवास एकाच दिवशी! इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी चालल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात असंबद्धता दिसताच साखर अथवा गूळ द्यावा. मात्र शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पायांना बधिरता असेल तर अनवाणी चालण्याचा नवस मनातून काढून टाकावा. रोज सायंकाळी तळपाय पाहावेत; फोड आल्यास तो फोडू नये.

घरच्यांनी आजी-आजोबांच्या पिशवीत औषधांची यादी, आजारांची नावे, आपला दूरध्वनी क्रमांक आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ते विरघळवावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

पाहुण्याने आणि यजमानाने

मुक्कामाची जागा ही कुणाची तरी शाळा असते, कुणाचे तरी अंगण असते. विचारून पाणी घ्यावे, उघड्यावर जाऊ नये, पत्रावळी एके ठिकाणी टाकाव्यात आणि निघताना जागा झाडून द्यावी. मागून येणाऱ्या दिंडीला पटकीची वा जुलाबाची साथ लागू नये, म्हणूनही हे आवश्यक आहे.

आणि पुणेकर वाचकहो, आपणही या दिवसांत यजमान असता. दर्शनाच्या ओढीने ज्येष्ठ वारकऱ्यांना रेटू नये. नळावर स्नान करणाऱ्या, थकून झोपलेल्या माणसांची छायाचित्रे काढू नयेत. पोट भरलेल्याच्या हाती पुन्हा पुन्हा केळी-बिस्किटे कोंबण्यापेक्षा, किंवा सकाळचा भात सायंकाळी वाटण्यापेक्षा, ताजे थोडेसे द्यावे आणि झाकलेले पिण्याचे पाणी ठेवावे.

याहून मोठी सेवा हवी असेल तर त्या दोन रात्री आपल्या सोसायटीतील अथवा वाड्यातील एक शौचालय वारकरी स्त्रियांसाठी खुले करावे. दिवा चालू, बादलीत पाणी, साबण आणि दारावर ठळक पाटी, इतकेच पुरे. त्या आजींना सलाईन लावून, रक्तदाब स्थिरावल्यावर, माझ्या शेजारच्या बिऱ्हाडाने रात्रीपुरते घरात घेतले. न्हाणीघर कोठे आहे हे त्यांना दाखवल्यावर त्यांनी आपणहून तांब्या मागितला आणि तो सावकाश रिता केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली आणि सासवडचा टप्पा दिंडीच्या मालमोटारीतून पार केला.